गुंगीची धास्ती, कोठ्याची हयगय

मोठ्या आतड्याची आतून पाहणी करण्याची जी तपासणी वैद्यकात कोलोनोस्कोपी या नावाने ओळखली जाते आणि घरगुती बोलण्यात जिला ‘खालून दुर्बीण टाकणे’ असे म्हटले जाते, तिच्याविषयी रुग्णांच्या मनात साधारणपणे दोन प्रकारच्या चिंता असतात. पहिली गुंगीची : इंजेक्शन दिल्यावर पुन्हा जाग येईल ना, मध्येच शुद्ध आली तर काय, गुंगीत तोंडातून नको ते निघून गेले तर काय. दुसरी पूर्वतयारीची, म्हणजे आदल्या दिवशीचे पथ्य, लिटर-दोन लिटर प्यायचे औषध आणि त्यामागून येणारे जुलाब यांची. पहिल्या चिंतेने रुग्णाची झोप उडते. दुसरीकडे ‘होईल कसेतरी’ म्हणून पाहिले जाते. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. गुंगी देण्याचे काम प्रशिक्षित माणसे यंत्रांच्या पहाऱ्यात काही मिनिटांपुरते करतात, तर आतडे स्वच्छ करण्याचे काम रुग्णाला स्वतःच्या घरी, रात्री आणि पहाटे, स्वतःच करावे लागते आणि तपासणीचा उपयोग होणार की नाही हे बव्हंशी त्यावरच ठरते. म्हणून या दोन चिंतांच्या वजनांची अदलाबदल झाली, तर रुग्णाचे भय कमी होईल आणि तपासणीही चांगली होईल.

कोलोनोस्कोप ही साधारण करंगळीएवढ्या जाडीची, वळवता येणारी नळी असून तिच्या टोकाशी प्रकाश आणि कॅमेरा असतो. ती गुदद्वारातून आत घेऊन सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीपर्यंत, म्हणजे उजव्या कुशीत खाली असलेल्या उंडुक नावाच्या भागापर्यंत नेली जाते आणि खरी बारकाईची पाहणी ती सावकाश मागे घेताना केली जाते. या तंत्राच्या मुळाशी एका भारतीयाचे काम आहे, हे येथे सांगायला हवे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ साली लंडनमध्ये दाखवून दिले. त्या आधारावर लवचीक दुर्बिणी तयार झाल्या आणि १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी संपूर्ण मोठ्या आतड्याची तपासणी रुळवली. पोट न उघडता पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली कोंबासारखी गाठ, तारेच्या फासाने कापून काढण्याची पद्धतही शिन्या यांचीच.

अमेरिकेत ४५ वर्षांवरील निरोगी माणसांनाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाळणीसाठी (स्क्रीनिंगसाठी) ही तपासणी सुचवली जाते. भारतात तसा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. येथील सरकारी चाळणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांपुरती आहे. त्यामुळे आपल्या नवी मुंबईतील रुग्ण ही तपासणी करायला येतो तो बहुधा काही तक्रार घेऊन : शौचावाटे रक्त जाणे, कारण न सापडणारा रक्तक्षय, महिनोन्‌महिने चाललेले जुलाब, वजनातील घट, किंवा आपल्याकडे अजूनही आढळणाऱ्या आतड्याच्या क्षयरोगाचा संशय. यांतील रक्ताची तक्रार सर्वांत जास्त दडवली जाते. रक्त दिसले की ती मूळव्याधच, असे घरातल्या घरात ठरते आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेली मूळव्याध-भगंदराची जाहिरात तेवढी नजरेसमोर असते. बहुतेकदा ती मूळव्याधच निघते, हे खरे. पण ती मूळव्याधच आहे हे आत पाहिल्यावाचून सांगता येत नाही, आणि खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र असताना, वाशीपासून पनवेलपर्यंत दुर्बिणीची सोय असलेली रुग्णालये असताना, केवळ गुंगीच्या भीतीने ही तपासणी पुढे ढकलली जावी ही फार खेदाची बाब आहे.

मराठीत ‘भूल’ आणि ‘गुंगी’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि रुग्णाची निम्मी भीती या दोन शब्दांच्या गल्लतीतून जन्मते. शस्त्रक्रियेसाठी दिली जाते ती संपूर्ण भूल. तीत माणूस पूर्ण बेशुद्ध असतो आणि बहुधा घशात नळी घालून त्याचा श्वास यंत्राच्या आधाराने चालवला जातो. कोलोनोस्कोपीसाठी दिली जाते ती गुंगी. तीत रुग्ण झोपेच्या अधीन होतो, पण श्वास त्याचा तोच घेत असतो. या गुंगीच्याही पायऱ्या आहेत. हलक्या गुंगीसाठी साधारणपणे मिडाझोलाम हे तणाव घालवणारे औषध आणि फेंटानिलसारखे वेदनाशामक शिरेतून देतात. रुग्ण पेंगुळतो, हाक मारली तर ‘ओ’ देतो, ‘जरा उजवीकडे वळा’ म्हटले तर वळतोही, मात्र नंतर त्याला यातले काही आठवत नाही. कारण मिडाझोलाम त्या वेळच्या घटना स्मरणात उमटूच देत नाही. ‘मला काहीच कळले नाही’ असे जे रुग्ण नंतर सांगतात, त्यांतील अनेकांना त्या वेळी थोडेफार कळत होते, ते टिकले नाही इतकेच. या दोन्ही औषधांवर उतारे आहेत, मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलवर नॅलोक्सोन, आणि ते हाताशी ठेवलेले असतात.

गाढ गुंगीसाठी वापरले जाणारे औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते दिसायला दुधासारखे पांढरे असते, शिरेत जाताना हातात क्षणभर जळजळ होते आणि मिनिटभरात झोप लागते. त्यावर उतारा नाही, पण त्याची गरजही सहसा पडत नाही, कारण औषध थांबवल्यावर साधारण पाच-दहा मिनिटांत त्याचा अंमल ओसरतो. ते देण्यासाठी भूलतज्ज्ञ हजर असतात आणि तपासणी चालू असेतो त्यांचे लक्ष दुर्बिणीच्या पडद्याकडे नसून रुग्णाच्या श्वासाकडे असते. बोटाला लावलेली चिमटी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अखंड दाखवते, दंडाचा पट्टा ठरावीक वेळाने रक्तदाब घेतो, छातीवरच्या चकत्या हृदयाची लय टिपतात आणि नाकाशी प्राणवायूची बारीक नळी असते. अमेरिकी गायक मायकल जॅक्सन यांचा २००९ साली मृत्यू झाला तेव्हा प्रोपोफॉलचे नाव जगभर झाले आणि काही रुग्णांच्या मनात ते घर करून राहिले आहे. तेथे हे औषध रुग्णालयाबाहेर, राहत्या घरी, झोप यावी म्हणून आणि पुरेशा देखरेखीविना दिले गेले होते, आणि त्याबद्दल संबंधित डॉक्टरला २०११ साली न्यायालयाने दोषी ठरवले. वर वर्णिलेला पहारा तिथे नव्हता, हाच या दोन प्रसंगांमधील फरक होय.

मध्येच जाग येण्याची धास्तीही या संदर्भात बरीचशी निराधार ठरते. गुंगी हलकी झाली तर औषध वाढवता येते. आणि जागेपणीही ही तपासणी असह्य नसते, कारण आतड्याच्या अस्तराला चिमटा घेतला किंवा त्याचा तुकडा काढला तरी ते कळत नाही. कळते ते आतडे ताणले गेल्याचे, म्हणजे नळीचे वेटोळे झाल्यावर किंवा आतडे उलगडण्यासाठी आत सोडलेल्या हवेने पोट फुगल्यावर येणारी कळ. नॉर्वे आणि फिनलंडसारख्या देशांत अनेक लोक गुंगी न घेताच ही तपासणी करून घेतात. ज्याला गुंगीचीच भीती फार, त्याला विनागुंगीचा किंवा हलक्या गुंगीचा पर्याय मागण्याचा अधिकार आहे. गुंगीत गुपिते बाहेर पडतात ही समजूत मात्र चित्रपटांतून आलेली आहे. रुग्ण बोललाच तर ते बहुधा अस्पष्ट पुटपुटणे असते.

धोका अगदी नाही असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. आतड्याला छिद्र पडण्याचा प्रसंग साधारणपणे हजार तपासण्यांमागे एक किंवा त्याहूनही कमी येतो, तर गुंगीत श्वास मंदावणे हा त्यातल्या त्यात जास्त दिसणारा त्रास असून तो बहुधा हनुवटी उचलून धरण्याने आणि प्राणवायू वाढवण्याने निवळतो. हा धोका कमी करण्याची गुरुकिल्ली रुग्णाच्या मोकळेपणाने बोलण्यात आहे. झोपेत जोराने घोरणे व मध्येच श्वास अडकणे, दमा, पूर्वी भुलीने झालेला त्रास, हलणारे दात, नित्याचे मद्यपान या गोष्टी लाजेखातर लपवल्या जातात आणि त्याच भूलतज्ज्ञाला सर्वांत जास्त हव्या असतात. सकाळी सवयीने लावलेली मशेरी किंवा दाढेखाली धरलेली तंबाखूची चिमूट ही तर घरच्यांनाही ठाऊक नसते. तीही त्या दिवशी टाळायची असते आणि चुकून घेतली गेली तर सांगायची असते.

आता पूर्वतयारीकडे वळले पाहिजे, आणि येथे मराठी घरांत एक खास अडचण उभी राहते. ‘उद्या उपाशी राहायचे आहे’ असे सांगितले की आपल्याकडे उपवासाची दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक एकादशीचे : साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस. यातील शेंगदाणा, राजगिरा आणि रताळे हे तिन्ही पदार्थ या तपासणीच्या दृष्टीने पूर्णपणे वर्ज्य आहेत, कारण त्यांचा चोथा आणि दाणे आतड्यात उरतात, अस्तराला चिकटतात, दुर्बिणीची शोषनळी तुंबवतात. दुसरे चित्र निर्जळीचे : तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. तेही तितकेच चुकीचे, कारण जुलाबांवाटे पाणी जात असताना पाणी न पिणारा रुग्ण शोष पडून चक्कर येऊन कोसळू शकतो. कोलोनोस्कोपीचे पथ्य हा या दोहोंपेक्षा वेगळा, तिसराच उपवास आहे : चोथा नको, पाणी भरपूर.

त्यामुळे आधीचे दोन-तीन दिवस ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, पालेभाज्या, मोड आलेल्या कडधान्यांच्या उसळी, शेवग्याच्या शेंगा, काकडी-टोमॅटोच्या बिया, पेरू, तीळ आणि जवसाची चटणी यांना सुट्टी द्यावी लागते. एरवी जे आरोग्यदायी म्हणून आग्रहाने वाढले जाते, तेच या दिवसांत नको असते आणि घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट समजावून सांगणे अत्यावश्यक आहे. चालणारे पदार्थ आपल्या ताटात पुष्कळ आहेत : मऊ भात, सालाविना मुगाच्या डाळीचे वरण, दही-ताक, साल काढून उकडलेला बटाटा, पांढरा पाव, अंडे, आणि नवी मुंबईच्या मूळच्या आगरी-कोळी घरांत नित्याची असलेली तांदळाची भाकरी व काटे काढलेला मासा. आदल्या दिवशी मात्र बहुतेक ठिकाणी हलक्या न्याहारीनंतर केवळ निवळ द्रव सांगितले जातात. काचेच्या पेल्यात ओतून पेल्यामागची अक्षरे वाचता येतात तो द्रव निवळ : शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, वरणावरचे गाळलेले पाणी. यात एकच अपवाद ध्यानात ठेवावा. कोकम सरबत निवळ असले तरी लाल आहे आणि लाल रंग आतड्याच्या भिंतीवर रक्तासारखा दिसतो. म्हणून कोकम, बीट, डाळिंब आणि कलिंगड यांचे रस त्या दिवशी नकोत.

कोठा साफ करण्याचे औषध म्हणून बहुतेक ठिकाणी पॉलिथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांची भुकटी दिली जाते. पेगलेक हे त्याचे औषधांच्या दुकानांतले परिचित नाव. हा पदार्थ आतड्यातून रक्तात शोषला जात नाही, आपल्याबरोबर घेतलेले पाणी धरून ठेवतो आणि ते सारे पाणी घेऊन आतडे धूत खाली उतरतो. त्यात क्षारांचे प्रमाण असे बेतलेले असते की शरीरातील पाणी व मीठ फारसे खेचले जात नाही. १९८० साली अमेरिकेतील जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मिश्रण तयार केल्यापासून कोठ्याची तयारी पूर्वीपेक्षा पुष्कळच निर्धोक झाली. त्याआधी मॅनिटॉलसारख्या शर्करेचा वापर होत असे. आतड्यातील जिवाणू ती आंबवून ज्वलनशील वायू तयार करतात आणि पॉलिप विजेने जाळताना त्या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची घटना १९७९ साली वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली. घरात एरंडेल आहे, त्रिफळा आहे, मग हे बेचव पाणी कशाला, या प्रश्नाचे उत्तर यात आहे : पोट ‘मोकळे’ होणे आणि आतड्याची भिंत आरशासारखी स्वच्छ दिसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत, आणि सुचवलेल्या औषधाच्या जागी दुसरे काही घेण्याचा निर्णय रुग्णाने स्वतः करू नये.

औषध प्यायचे कसे, याला थोडी युक्ती लागते. भुकटी सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून फ्रिजमध्ये थंड केली की तिची खारट-मचूळ चव बोथट होते. एक लिटरचा हप्ता असेल तर ओट्यावर चार पेले ओळीने भरून मांडावेत आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक संपवावा. एका दमात ढोसले तर उलटी होते आणि सगळी मेहनत वाया जाते. मळमळ झाली तर अर्धा तास थांबावे, चार पावले चालावे, लिंबाची फोड चोखावी. थंड पाणी इतके पोटात गेल्यावर हुडहुडी भरते, म्हणून शाल जवळ असावी. पहिला वेग साधारण तासाभरात येतो आणि पुढे तो कोणाची वाट पाहत नाही. वारंवार धुण्याने त्वचा सोलवटते. सुरुवातीपासूनच खोबरेल तेल लावत गेल्यास ती आग पुष्कळ वाचते. वयस्कर रुग्णाने संडासाची कडी आतून लावू नये आणि हाकेच्या अंतरावर कोणीतरी जागे असावे.

खरा कस लागतो तो पहाटेच्या हप्त्याला. हल्ली औषध दोन भागांत विभागून, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीआधी चार ते सहा तासांच्या सुमारास घ्यायला सांगतात, आणि ‘रात्रीच पोट साफ झाले, आता पहाटे कशाला उठायचे’ असे म्हणून हाच दुसरा हप्ता सोडला जातो. परंतु लहान आतड्यातून पाचकरस आणि उरलेला द्रव रात्रभर मोठ्या आतड्यात झिरपत असतो आणि सकाळपर्यंत त्याचा चिकट, पिवळसर थर नेमका उजव्या भागात बसतो. याच भागातील पॉलिप बहुधा चपटे आणि सहज निसटणारे असतात. पहाटेचा हप्ता तो थर धुऊन नेतो. शौचावाटे येणारे पाणी निवळ, पिवळसर आणि तळ दिसेल इतके स्वच्छ झाले म्हणजे तयारी पूर्ण झाली.

दहाची वेळ मिळालेल्या रुग्णाने पाच वाजता दुसरा हप्ता सुरू करून सातच्या आत संपवला आणि आठनंतर पाणीही बंद ठेवले की गुंगीच्या दृष्टीनेही जठर रिकामे राहते. निवळ द्रवासाठी दोन तास आणि हलक्या अन्नासाठी सहा तास हा भूलशास्त्राचा सर्वमान्य दंडक आहे. नवी मुंबईकराला या हिशेबात प्रवास धरावा लागतो. लोकल गाड्यांत स्वच्छतागृह नसते आणि पनवेलहून हार्बर मार्गाने मुंबईत जाण्यास तासाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे दूरचे रुग्णालय गाठायचे असेल तर सकाळची पहिली वेळ घेण्याऐवजी उशिराची वेळ मागणे शहाणपणाचे. पाण्याचीही खबर घ्यावी. मोरबे धरणाच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी अधूनमधून पुरवठा बंद ठेवला जातो आणि नेमका त्याच दिवशी कोठा साफ करायला घेणे म्हणजे साऱ्या घराचे हाल. सिडकोच्या छोट्या घरांत जेथे पाच-सहा माणसांत एकच संडास आहे, तेथे आदल्या दिवशी बादल्या-पिंप भरून ठेवणे आणि घरातल्यांना वेळा सांगून ठेवणे हा पूर्वतयारीचाच भाग मानावा.

नेहमीच्या औषधांबाबत स्वतःच्या मनाने काहीही करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्याने स्टेंट घातलेल्या रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो, आणि उपाशी असताना मधुमेहाचे इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतले तर साखर खाली येते. दोन्हींचा निर्णय आधीच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. लोहाच्या गोळ्या मळ काळा व चिकट करतात म्हणून त्या साधारण आठवडाभर आधी, तर इसबगोल काही दिवस आधी थांबवायला सांगतात. रक्तदाबाची सकाळची गोळी बहुधा घोटभर पाण्यासोबत चालते. मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाने कोणते औषध आणि किती पाणी, हे विचारल्याशिवाय पहिला पेलाही भरू नये.

लाजेविषयी कमी बोलले जाते, पण स्त्रियांच्या बाबतीत तपासणी लांबण्यामागे तीच पुष्कळदा असते. मागून उघडणारा झगा, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजणे, अनोळखी माणसांची उपस्थिती, हे सारे अवघड वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अंगावर चादर असते, खोलीतील सर्वांची नजर पडद्यावर असते, आणि महिला परिचारिका सोबत असावी अशी मागणी निःसंकोच करता येते. तपासणी सुमारे अर्ध्या तासात आटोपते. त्यानंतर तासभर पोटातील हवा बाहेर पडत राहते. ती कोंडून धरल्याने कळा येतात, म्हणून तेथे संकोच मुळीच करू नये. तीव्र किंवा वाढती पोटदुखी, ताप किंवा पुष्कळ रक्त दिसल्यास मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

गुंगीचा सूक्ष्म अंमल चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. त्या काळात पाम बीच मार्गावर दुचाकी काढणे, बँकेच्या कागदांवर सह्या करणे किंवा घरी एकटे राहणे योग्य नव्हे. सोबत कोणी नसेल तर अनेक रुग्णालये गुंगी देत नाहीत. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा ज्येष्ठ दांपत्यांना ही अट जाचक वाटते, परंतु ती अनाठायी नाही, आणि सोसायटीतील शेजाऱ्याला अर्धा दिवस मागण्यात कमीपणाही नाही. सोबत्याची गरज आणखी एका कारणासाठी असते. तपासणीनंतर डॉक्टर येऊन जे सांगतात, ते रुग्ण मान डोलावत ऐकतो आणि तासाभराने विसरतो. ऐकणारा दुसरा माणूस तेथे हवा. लेखी अहवाल त्याने मागून घ्यावा आणि त्यात दोन नोंदी आहेत का ते पाहावे : दुर्बीण उंडुकापर्यंत पोहोचली का, आणि कोठ्याची स्वच्छता कितपत होती. दुसरी नोंद पुष्कळ ठिकाणी बॉस्टन मोजपट्टीने करतात. आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देऊन ९ पैकी बेरीज मांडतात आणि ६ किंवा त्याहून अधिक गुण, प्रत्येक भागाला किमान २, असतील तर तयारी पुरेशी मानतात. जगभरच्या अभ्यासांत दर चार-पाच तपासण्यांमागे एक या कसोटीला कमी पडल्याचे आढळते. केवळ चाळणीसाठी तपासणी करून घेणाऱ्या सर्वसाधारण जोखमीच्या माणसाचे आतडे स्वच्छ असून त्यात काही सापडले नाही, तर पुढची तपासणी सहसा दहा वर्षांनी सांगतात. कोठा नीट साफ झाला नसेल, तर तेच दोन लिटर औषध वर्षभराच्या आत पुन्हा प्यावे लागते.